अठ्ठेचाळीस रवे आणि मागचा डावा टायर

दाजींचा फोन आला तेव्हा मी लेथवर होतो. मार्चचा शेवटचा आठवडा, दुपारचे दोन वाजून गेलेले. "पाव्हणं, गाडी रस्त्यात हाय. कोगनोळी टोलनाक्याच्या फुडं. मागचा टायर गेला." आधी माणसं कशी आहेत ते विचारलं. ड्रायव्हर आणि हमाल, दोघंही धड. माल जागच्या जागी. टायर फुटल्याबरोबर गाडी डावीकडं ओढली गेली, पण ड्रायव्हर पोरानं ब्रेकवर पाय मारला नाही. स्टेअरिंग घट्ट धरून वेग आपोआप उतरू दिला आणि गाडी कडेला आणली. हे त्याला कुणी शिकवलं माहीत नाही. पण तेवढ्यामुळंच मी आज टायरबद्दल लिहितोय, दवाखान्याबद्दल नाही.

मी टायरवाला नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं जॉबवर्क करतो. पण त्याआधी सहा वर्षं जुन्या टायरांवर नवं रबर चढवणाऱ्या कारखान्यात होतो. तिथं एक खोड लागली ती अजून सुटलेली नाही: फुटलेला टायर दिसला की आत हात घालून बघायचं. टायर का फुटला हे बाहेरून क्वचित कळतं, आतून बहुतेक वेळा कळतं.

गाडी, माल आणि वाट

दाजींची पिकअप तीन वर्षांपूर्वी जुनी घेतलेली. आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, भरलेल्या गाडीचं कमाल वजन २,९९० किलो. आधीच्या मालकानं मागच्या स्प्रिंगला एक पाटा जादा टाकून घेतला होता. घेताना दाजींना तो गाडीचा गुण वाटला. "कितीबी भरा, बसत न्हाई," असं ते कौतुकानं सांगायचे. हा पाटा लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

हंगामात काम ठरलेलं. कळे गावाजवळच्या गुऱ्हाळातून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलायचे आणि शाहू मार्केट यार्डात टाकायचे. वाट पंचवीसेक किलोमीटरची. उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, गावातले गतिरोधक. तिशी-पस्तिशीच्या पुढं काटा जातच नाही. एका खेपेला अठ्ठेचाळीस रवे. रवा ३० किलोचा, म्हणजे १,४४० किलो. अठ्ठेचाळीस हा आकडा कुठून आला हे विचारल्यावर दाजी म्हणाले, "चार थर बसत्यात, बारा-बारा." म्हणजे आकडा ठरवला तो हौद्याच्या मापानं. आपल्याकडं बहुतेक पिकअपची भारक्षमता अशीच ठरते: मावतंय तेवढं भरायचं. कापसाच्या गठ्ठ्यांना हे चालून जाईल. गूळ दिसायला थोडा आणि वजनाला भारी, त्याला चालत नाही.

दसऱ्याच्या आधी मागचे दोन्ही टायर संपले होते. दाजी शहरातल्या एका दुकानात गेले, माप सांगितलं: २१५/७५ आर१५. दुकानदारानं दोन प्रकार दाखवले. एक टायर दुसऱ्यापेक्षा चौदाशे रुपयांनी स्वस्त. "दोन्हीत फरक काय?" असं दाजींनी विचारलं. "साइज सेम हाय. जीपला हाच बसतोय." दाजींनी स्वस्तातली जोडी घेतली.

दुकानदार खोटं बोलला नाही, हे इथंच सांगून टाकतो. माप खरंच एक होतं आणि तो टायर खरंच जीपला बसतो. चूक प्रश्नात होती. टायर बसतो का, हे विचारलं गेलं. पेलतो का, हे कुणी विचारलं नाही.

पाच महिने काहीही झालं नाही. मग एका व्यापाऱ्याच्या ओळखीनं सावंतवाडीची खेप मिळाली. कोल्हापूर, कागल, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली आणि खाली सावंतवाडी. तेच अठ्ठेचाळीस रवे, तीच गाडी, तेच टायर. फरक एवढाच की निपाणीपर्यंत हायवे. पोरानं ऐंशीवर काटा ठेवला. कोगनोळीचा नाका ओलांडला आणि चार-पाच किलोमीटरवर मागचा डावा टायर गेला. हाच टायर आणखी तीन तास तग धरून आंबोलीच्या उतारावर गेला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी त्या दिवशी मुद्दाम केला नाही.

रस्त्याच्या कडेला दोन टायर

मी मोटरसायकलनं पोचलो तोवर पोरानं स्टेपनी काढून ठेवली होती, पण जॅक लावला नव्हता. भरलेली गाडी जॅकवर घ्यायची हिंमत झाली नाही म्हणाला. बरोबर केलं. निपाणीहून दुसरी पिकअप बोलावली आणि निम्मे रवे तिच्यात टाकले.

रवे उतरवणं चाललेलं असताना मी स्टेपनी आणि फुटलेल्या टायराचं धूड शेजारी शेजारी आडवं टाकलं. स्टेपनी गाडीबरोबर आलेली, कंपनीनं दिलेली, फारशी न वापरलेली. दोन्हींवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली आणि वाचायला बसलो.

स्टेपनीवर: एलटी २१५/७५ आर१५, ८ पीआर, १०६/१०३ क्यू.

फुटलेल्यावर: २१५/७५ आर१५, १०० एस.

माप अक्षरशः तेच. रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, डिस्क १५ इंचाची. शेजारी ठेवले तर उंचीही सारखी. वेगळं होतं ते मापाच्या पुढचं आणि मागचं, जे आपण वाचतच नाही. एलटी म्हणजे लाइट ट्रक, हलकी मालगाडी; पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, त्याकडं पुढं येतो. आयएसआयचा शिक्का दोन्हीवर होता, पण शिक्क्यावरचा मानक क्रमांक वेगळा: फुटलेल्यावर आयएस १५६३३, स्टेपनीवर आयएस १५६३६. पहिलं मानक मोटारींच्या टायरांचं, दुसरं मालवाहू गाड्यांच्या टायरांचं. म्हणजे हा टायर मोटारीचा आहे असं टायरावर उठावाच्या आकड्यांत लिहिलेलं होतं. पाच महिने ते चिखलाखाली होतं.

दाजी आले तेव्हा त्यांना दोन्ही आकडे दाखवले. ते म्हणाले, "शंभर आणि एकशे सहा. म्हंजे सहाचाच फरक की." त्यांचं काही चुकलं नाही, आकडे बघून कुणीही हेच म्हणेल. पण १०० म्हणजे किलो नव्हेत. तो भारनिर्देशांक, तक्त्यातला अनुक्रमांक. ८८ ला ५६० किलो, ९१ ला ६१५, ९५ ला ६९०, १०० ला ८०० आणि १०६ ला ९५०. एकेका अंकामागं साधारण तीन टक्के भार चढतो. सहा अंकांचा फरक म्हणजे एका टायरामागं १५० किलो, मागच्या दोन चाकांत मिळून ३०० किलो. गुळाच्या हिशेबात दहा रवे.

तिरक्या रेघेनंतरचा १०३ हा जोडचाकाचा आकडा. मागं एका बाजूला दोन-दोन टायर असतात तेव्हा प्रत्येकानं किती पेलायचं ते तो सांगतो. दाजींच्या गाडीला मागं एकेकच चाक, म्हणून १०६ धरायचा. क्यू आणि एस ही वेगाची अक्षरं, १६० आणि १८० किलोमीटरची. त्यांचा इथं संबंध नाही. उलट गंमत अशी की मोटारीचा टायर वेगाला सरस होता. त्याची घडणच पळण्यासाठी, ओझ्यासाठी नव्हे.

वजनकाट्यावर फक्त मागची चाकं

दुसऱ्या दिवशी गाडीला तात्पुरते टायर लावून आम्ही शिरोलीकडच्या एका वजनकाट्यावर गेलो. गाडी नेहमी अख्खी काट्यावर चढवतात, एक आकडा घेतात आणि पावती फाडतात. टायराचा हिशेब करायचा तर तेवढ्यानं भागत नाही. आम्ही तीन वजनं घेतली: अख्खी गाडी, मग गाडी पुढं काढून फक्त मागची चाकं काट्यावर, आणि पडताळ्याला फक्त पुढची. काटेवाला वैतागला. जादा पैसे दिल्यावर वैताग ओसरला.

रिकामी गाडी, ड्रायव्हर आणि हमाल बसलेले: एकूण १,७६०, त्यापैकी मागं ७६०. मग गुऱ्हाळातून तेच अठ्ठेचाळीस रवे, तसेच चार थरांत रचून आणले: एकूण ३,२००, मागं १,९५०, पुढं १,२५०.

या आकड्यांकडं जरा निवांत बघण्यासारखं आहे. १,४४० किलो गूळ चढवला, त्यातला १,१९० किलो मागच्या धुरीवर (अॅक्सलवर) गेला आणि पुढं फक्त २५०. शंभरातले ब्याऐंशी-त्र्याऐंशी भाग मागं. पिकअपचा हौदा जवळजवळ मागच्या चाकांवरच बसलेला असतो, तेव्हा यात नवल नाही. पण "चार टायर, प्रत्येकी ८००, म्हणजे ३,२०० पेलतात" हा हिशेब इथंच कोसळतो. टायरांची बेरीज धुरीप्रमाणं करायची असते. पुढच्या टायरांकडं शिल्लक राहिलेली ताकद मागच्यांना उसनी देता येत नाही.

मागं १,९५०, म्हणजे चाकामागं ९७५ किलो, तेही दोन्ही बाजूंना सारखं वाटलं गेलं असं धरून. रस्ता कडेकडं उतरता असतो आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळं डाव्या चाकावर थोडं जास्तच असणार. मोटारीच्या टायराची मर्यादा ८००. म्हणजे बावीस टक्के जादा.

आणि ८०० सुद्धा उदारपणे धरले. अमेरिकेतल्या वाहनसुरक्षा नियमांत एक अट आहे: मोटारीच्या जातीचा टायर पिकअपसारख्या हलक्या मालगाडीला लावला, तर त्याच्यावर लिहिलेल्या क्षमतेला १.१० नं भागायचं आणि येईल तेवढीच क्षमता धरायची. मालगाडीचं जिणं मोटारीपेक्षा खडतर; भार उंच, रस्ता वाईट, रोजची ओढ. ८०० ला १.१० नं भागलं की ७२७ येतात. त्या मापानं डावा टायर चौतीस टक्के जादा ओझं घेऊन हायवेला लागला होता.

उलटा हिशेब केला तेव्हा दाजी खऱ्या अर्थानं गप्प झाले. ७२७ च्या दोन टायरांची मागं बेरीज १,४५४. त्यातून रिकाम्या गाडीचे मागचे ७६० वजा केले तर ६९४ उरतात. मागं ब्याऐंशी-त्र्याऐंशी टक्के जाणार असतील तर एकूण माल साधारण ८४० किलो. अठ्ठावीस रवे. टायरामागं चौदाशे रुपये वाचवायच्या नादात गाडीच्या पोटातून गुऱ्हाळाच्या भाषेत वीस रवे कमी झाले होते, आणि ते पाच महिने कुणाला कळलं नव्हतं.

कळलं का नाही, याला दोन कारणं. पहिलं कारण तो जादा पाटा. साध्या पिकअपनं इतकं ओझं घेतलं की ती मागून बसते, हेडलाइट आभाळाकडं बघायला लागतात, आणि ड्रायव्हरच्या पोटात गोळा येतो. पाटा वाढवला की गाडी सपाट उभी राहते. ओझं मात्र तेवढंच टायरावर येतं, कारण पाटा वजन खातो थोडाच. तो ते खाली ढकलतो. पाटा टाकून दाजींच्या गाडीची ताकद वाढली नव्हती, तिचं कण्हणं तेवढं बंद झालं होतं. दुसरं कारण वेग, त्याकडं येतो. त्याआधी हवा.

ओझं रबर उचलत नाही

ओझं उचलते ती हवा. टायर ही फक्त तिची पिशवी. पिशवी किती दाबाची हवा धरू शकते, यावर ती किती ओझं उचलणार हे ठरतं. ८ पीआर वगैरे आकडे मुळात त्यासाठीच. पूर्वी टायरात सुती कापडाचे थर असायचे आणि पीआर म्हणजे खरोखर थरांची संख्या. आता ८ पीआरच्या रेडियल टायरात आठ थर सापडणार नाहीत. एक-दोन थर पॉलिएस्टरचे आणि वर पोलादी तारांचे पट्टे. आकडा फक्त त्या जुन्या आठ थरांइतकं बळ आहे एवढं सांगतो.

स्टेपनीच्या बाजूवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की कमाल भार ९५० किलो, ६५ पीएसआय हवेच्या दाबाला. हे दोन आकडे नवरा-बायकोसारखे. एकाला सोडून दुसऱ्याला अर्थ नाही. त्याच मापाच्या एलटी टायरात ५० पीएसआय ठेवली तर तो ८०० किलोच पेलतो. मोटारीच्या टायराचे ८०० मात्र ३५-३६ पीएसआयलाच पुरे होतात. त्यात ५० भरली तरी क्षमता वाढत नाही, टायर फक्त टणक होतो आणि बाजूवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडायची भीती राहते.

हवेचं काम डोळ्यांसमोर आणायला मी गुऱ्हाळाच्या अंगणात खडूनं आकृती काढली. टायर जमिनीला जेवढा टेकतो तेवढ्या जागेनं, हवेच्या दाबाच्या जोरावर, सगळं वजन तोलायचं. ३५ पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण अडीच किलो. ९७५ किलो तोलायचे तर चारशेच्या आसपास चौरस सेंटिमीटर जागा लागते. टेकणारी रुंदी सोळा सेंटिमीटर धरली तर लांबी पंचवीस, एक वीत आणि वर तीन बोटं. ६५ पीएसआयला हीच लांबी तेरा-चौदा सेंटिमीटर, जवळजवळ निम्मी. हा हिशेब ढोबळ आहे, कारण टायराच्या बाजूही थोडं वजन घेतात. पण मुद्दा कळतो: हवा कमी म्हणजे टायर जास्त पसरतो, पसरायचं तर बाजू जास्त वाकते, आणि वाकलेलं रबर तापतं.

फुटला नव्हता त्या उजव्या टायरात सकाळी थंड असताना हवा मोजली. २९ निघाली. पोरानं शेवटची हवा कधी भरली हे त्याला आठवत नव्हतं. भरताना दुकानदारानं सांगितलेली पस्तीस भरत होता, पण तापल्यावर मोजून. हायवेवरून येऊन पंपावर मोजलं की काटा नेहमीच फुगवून सांगतो. तापमानात पाच-सहा अंशांचा फरक पडला की एक पीएसआय इकडं-तिकडं. म्हणजे डाव्या टायरातही तेवढीच कमी असावी, तेव्हा ८०० ची मर्यादाही त्याला लाभलेली नव्हती.

आता वेग. या मापाचा टायर एका फेरीत सव्वादोन मीटरच्या आत जातो. ऐंशीच्या वेगानं गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. म्हणजे टायर सेकंदाला दहा वेळा फिरतो आणि त्याच्या बाजूचा प्रत्येक तुकडा सेकंदाला दहा वेळा दबतो आणि उलगडतो. जाड तार हातानं मागंपुढं वाकवत राहिलं की ती तुटायच्या आधी गरम होते, हे तसंच. कळ्याच्या रस्त्यावर तिशीनं हाच आकडा चारावर येतो, गतिरोधकांना गाडी थांबते, टायर निवतो, आणि पाऊण तासात खेप संपते. ओझं दोन्हीकडं तेवढंच होतं. हायवेवर उष्णता निघून जायच्या आत नवी तयार होत राहिली, वरून मार्चचं ऊन आणि तापलेला डांबर. पाच महिने तो टायर चालला याचा अर्थ तो पेलत होता असा नाही. त्याला पुरतं तापू दिलं गेलं नव्हतं एवढाच.

टायराच्या आत

फुटलेलं धूड मी दुकानात आणलं. चोपडा झालेला टायर होता असं कुणी म्हणू नये म्हणून आधी खाचा मोजल्या. मधल्या खाचा सहा मिलिमीटर, दोन्ही कडांच्या चार. कायद्यानं १.६ मिलिमीटर पुरते, तेव्हा रबर भरपूर होतं. पण मधोमध कमी झिजलेला आणि दोन्ही खांद्यांवर जास्त झिजलेला टायर म्हणजे हवा कमी किंवा ओझं जास्त. इथं दोन्ही.

मग आत हात घातला. बोटांना लागली ती बारीक काळी भुकटी, थेट आजीच्या डबीतल्या मिश्रीसारखी. ज्यांनी टायरांचं काम केलंय त्यांना ही मिश्री बघितली की पुढचं काही बघावं लागत नाही. बाजूची आतली भिंत वाकून वाकून स्वतःवरच घासली की रबराची अशी पूड पडते. आतून गोल फिरत गेलेली एक वळी होती, धोतराला चुणी पडावी तशी. वर चालीचा पट्टा, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग, हातभर सोललेला, खालच्या पोलादी तारा उघड्या, आणि तारांना चिकटलेलं रबर जवळजवळ नव्हतंच. उष्णतेनं पकड सुटली, पट्ट्याची कड उचलली गेली, आणि मग फुटायला एखादा खडासुद्धा पुरला असेल.

खिळा नव्हता, कापल्याची खूण नव्हती. टायरावर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार अंक असतात, त्यांवरून तो फुटायच्या आदल्या वर्षीचाच होता, म्हणजे जुनाटपणाचंही कारण नाही.

उजवा टायर बाहेरून नवा दिसत होता. दाजी तो पुढं लावायला निघाले होते. हिशेबानं ते अगदीच चूक नव्हतं; पुढं चाकामागं सव्वासहाशे, ७२७ च्या आतच. मी तो डिस्कवरून उतरवायला लावला. आत तशीच वळी, अजून उथळ, आणि चिमूटभर मिश्री. डावा ज्या वाटेनं गेला त्याच वाटेवर हा थोडा मागं होता. जोडीतला एक ओझ्यानं फुटला की दुसराही तितकंच ओझं वाहून आलेला असतो, हे विसरलं जातं. त्याची बाजू मी स्वतः कापली, नाहीतर तो कुणाच्या तरी गाडीला लागला असता.

"मग बारा पीआरचं टाकूया"

सगळं ऐकून झाल्यावर दाजींनी जो प्रश्न विचारला, त्यासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं. "पाव्हणं, टायर हलका होता म्हणून फुटला न्हवं? मग बारा पीआरचं टाकूया की. साठ रवं भरू."

हा तर्क वरून बिनतोड दिसतो आणि रस्त्यावर निम्म्या पिकअप याच तर्कावर चालतात. मी म्हणालो, "दाजी, तुम्ही गुऱ्हाळावरचं बघा. काहील केवढीबी मोठी आणा, चुलवाण तेवढंच असंल तर रस उकळंल का?" टायर हा साखळीतला एक दुवा. त्याच्यावर डिस्क, तिलाही स्वतःची मर्यादा. मग बेअरिंग, धुरी, पाटे, चासीस, आणि सगळ्यात शेवटी ब्रेक, जे गाडी बनवणाऱ्यानं २,९९० किलो थांबवायला दिलेत. भारी टायर टाकले म्हणून ब्रेकचे लायनर रुंद होत नाहीत. हलका टायर गाडीची कुवत खाली आणतो हे आपण बघितलं. भारी टायर ती वर नेत नाही. आरसीवरचा आकडा टायराच्या दुकानात बदलत नाही.

हिशेब मांडला तो असा. योग्य एलटी टायर, ६५ हवा, मागं १,९००. त्या एका बाजूनं बघितलं तर सेहेचाळीस रवे बसतात. पण आरसी म्हणते एकूण २,९९०. त्यातून दोन माणसांसह रिकामी गाडी १,७६० वजा जाता १,२३० किलो. एकेचाळीस रवे. रवे किलो-अर्धा किलो वरखाली असतात, ड्रायव्हरची पिशवी, ताडपत्री, जॅक, म्हणून चाळीस. टायर कितीही म्हणोत, आधी जी मर्यादा आडवी येते ती खरी.

कायद्याची बाजू मी थोडक्यातच सांगितली, कारण दाजींना ती माहीत होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा मालाला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० आणि माल उतरवायचा खर्च. अठ्ठेचाळीस रव्यांना गाडी २१० किलो जादा होती. टायराचं माप आणि पीआर यांचाही केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम आहे, ९५ वा. तो दाजींना माहीत नव्हता. मलाही कारखान्यात असताना एका म्हाताऱ्या फोरमननं सांगितलेला.

दुकानदाराकडं परत गेलो का, असं पुष्कळांनी विचारलं. गेलो. त्यानं टायर बघितला, "ओव्हरलोड" म्हणाला आणि क्लेम बसत नाही म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. दाजींनी फक्त एवढं विचारलं की पिकअपला पाहिजे म्हणून सांगितलं होतं, तर मोटारीचा का दिला? त्यावर तो म्हणाला की गिऱ्हाईक स्वस्त मागतं. हेही बरोबर. राग यावा असं कुणी सापडेना, तेव्हा चहा पिऊन परत आलो. मागं दोन नवे घेतले, एलटी, ८ पीआर, १०६/१०३, दुसऱ्या दुकानातून.

अंबाबाईच्या स्टिकरखाली

हवा किती भरायची, हा प्रश्न शेवटी उरला. ६५ हा टायराचा कमाल आकडा. गाडी बनवणारा स्वतःचा आकडा दाराच्या खांबावर चिकटवतो. दाजींच्या गाडीत त्या जागी "आई अंबाबाई प्रसन्न" होतं. देवीचं नाव खरवडायला कुणी तयार होईना. गरम पाण्याचं फडकं धरून दाजींच्या आईनं ते अख्खं अलगद सोडवलं आणि डॅशबोर्डवर लावलं. खाली कंपनीचा तक्ता जसाच्या तसा: पुढं ४०, मागं रिकामी ४५, भरलेली ६५.

नव्या टायरांवर चाळीस रवे घेऊन पोरगा सावंतवाडीला गेला. सकाळी निघताना थंड टायरात ६५ मोजली. जाताना काही तक्रार नाही. येताना गाडी रिकामी, मागं ६५ तशीच, आणि आंबोलीच्या वळणांवर मागचं धड उड्या मारत आलं. आल्या आल्या भांडला: "आण्णा, हवा लई हाय. रिकाम्या गाडीला मागं पकडच न्हाई."

त्याचं खरं होतं. ओझं नसताना भरपूर हवेचा टायर मधोमधच टेकतो, झिजतो तोही मधोमध आणि ओल्या रस्त्यावर घसरतो. पावसाळ्यात आंबोलीला हे परवडायचं नाही. पण सावंतवाडीत माल उतरवल्याबरोबर हवा सोडायचीही सोय नाही. टायर तापलेला, काटा फुगलेला, त्यावर ४५ केली तर निवल्यावर चाळिशीच्या खाली जाणार. आणि परतीला नारळ मिळाले तर पुन्हा भरायची कुठं?

दाजी म्हणाले पंचावन्न ठेवू, मधलं. मी नाही म्हणालो. जाताना चाळीस रव्यांना मधलं चालत नाही. शेवटी पोरानंच तोडगा काढला. माल उतरला की जेवतो, तासभर पडतो, टायर हाताला गार लागले की मग मोजतो. नारळ असले तर तशीच, नसले तर पंचेचाळीस. त्यासाठी त्यानं स्वतःच्या पैशानं हवा मोजायचा काटा घेतला, खिशात पेनासारखा अडकवायचा. पंपावरच्या काट्यापेक्षा तो तीन पीएसआय कमी दाखवतो. दोघांतला खरा कुठला, हे बघायला पुढच्या आठवड्यात तो माझ्याकडं येणार आहे.